पृथ्वीला मास्क कुणी घातला?

आमच्या लहानपणी चित्र एकच असे. दोन डोंगर, त्यांच्या खिंडीतून उगवणारा अर्धा सूर्य, त्याच खिंडीतून निघालेली नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीशेजारी वाकलेलं नारळाचं झाड आणि आकाशात, मास्तरांनी पेपर तपासताना केलेल्या बरोबरच्या खुणांसारखे चार-पाच पक्षी. कोकणातला मुलगा हेच चित्र काढी, वऱ्हाडातला हेच काढी, आणि ज्याला खिडकीतून समोरच्या चाळीवर वाळत घातलेल्या लुगड्यांपलीकडे काही दिसत नसे असा गिरगावातला मुलगाही हेच काढी. सूर्य आणि नदी एकाच भोकातून बाहेर कशी पडतात, हा प्रश्न भूगोलाच्या मास्तरांनासुद्धा कधी पडला नाही. आम्हाला दहापैकी सहा मार्क मिळत आणि विषय संपे.

त्यानंतर पन्नासेक वर्षं आपल्या बालचित्रकलेत म्हणण्यासारखं काही घडलं नाही. घडलं ते एकदम २०२० साली. पृथ्वीनं मास्क लावला.

ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. निळा-हिरवा गोळा, त्याला दोन टपोरे डोळे, एका डोळ्यातून थेंब. विषुववृत्ताच्या किंचित खाली पांढरा मास्क. आता मास्कचे बंद अडकवायचे कुठं? पृथ्वीला कान नाहीत. म्हणून खास या कामासाठी तिला दोन कान बहाल केलेले. खाली जोडलेले दोन हात. डावीकडे डॉक्टर, उजवीकडे पोलीस, मध्ये झाडू घेतलेली सफाई कामगार बाई, आणि तिघंही दात दाखवून हसताहेत. त्या वर्षी हसणारा डॉक्टर फक्त ड्रॉइंग-पेपरवरच पाहायला मिळाला. चारी कोपऱ्यांत लाल काटेरी चेंडू, आणि वर, घरातल्या सर्वांत चांगलं अक्षर असणाऱ्या माणसाच्या हातचं, 'घरी राहा, सुरक्षित राहा'.

मी हे ऐकीव सांगत नाही. त्या मे महिन्यात आमच्या सोसायटीनं मुलांसाठी ऑनलाइन चित्रकला स्पर्धा घेतली आणि मला परीक्षक केलं. परीक्षक होण्याची माझी पात्रता एवढीच, की मी घरी होतो. (ती पात्रता तेव्हा सगळ्यांकडेच होती. पण बाकीच्यांनी सेक्रेटरींचा फोन उचलला नाही.) गट 'अ', वय वर्षे चार ते सात. विषय, 'कोरोना आणि मी'. नियम क्रमांक तीन, 'पालकांनी मदत करू नये'.

माझ्या मोबाइलवर सत्तावीस चित्रं आली. त्यांतल्या एकोणीस पृथ्व्या. एका सव्वाचार वर्षांच्या कलावंतानं काढलेल्या पृथ्वीवर आफ्रिका खंड इतका बिनचूक होता की मादागास्करसुद्धा सुटलं नव्हतं. चिरंजीवांचे वडील आर्किटेक्ट आहेत, हा निव्वळ योगायोग. दुसऱ्या एका चित्रातल्या पोलिसाच्या खांद्यावरचे तारे मोजून मी त्याचा हुद्दा सांगू शकलो असतो. मी एकेक चित्र मोठं करून पाहिलं, आडवं-उभं करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कोरोना जागोजाग होता. 'आणि मी' मधला 'मी' मात्र त्या एकोणीस चित्रांत कुठं दिसला नाही.

माझं भांडण आहे ते इथं. लहान मुलांशी नाही. त्यांच्याशी भांडून अजून कुणी जिंकलेलं नाही. भांडण तुमच्या-आमच्यासारख्या मोठ्यांशी आहे. मार्च २०२० मध्ये आपण घाबरलो. घाबरण्यासारखंच होतं. पण घाबरलेल्या मोठ्या माणसानं काय करावं? पोराला जवळ घेऊन 'सगळं ठीक होईल' म्हणावं, स्वतःचा विश्वास नसला तरी म्हणावं, आईबाप व्हायचं ते एवढ्यासाठीच. आपण उलटं केलं. आपण पोराच्या हातात खडू दिला आणि 'सगळं ठीक होईल' हे त्याच्याकडून लिहून घेतलं. इटलीत त्याच महिन्यात मुलांनी इंद्रधनुष्यं काढून बाल्कनीत टांगली, त्याखाली याच अर्थाचं वाक्य. इंग्लंडात खिडक्या-खिडक्यांतून तीच इंद्रधनुष्यं. पहिल्या काही मुलांना ती मनापासून सुचली असतील, मी नाही म्हणत नाही. पण एका देशातली सगळी मुलं एकाच आठवड्यात एकच गोष्ट मनापासून काढायला लागली, की त्यामागं कुणाचं तरी मोठं माणूस उभं आहे हे समजावं. धीर देण्याचं काम आपण पहिली-दुसरीतल्या पोरांवर ढकललं, आणि वर त्यांना मार्क दिले.

मोठ्यांनी स्वतःच्या भावना कशा व्यक्त केल्या म्हणाल, तर थाळ्या बडवून. २२ मार्चला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. मग ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावून. मधल्या वेळात डालगोना कॉफी घोटघोट घोटून. त्या कॉफीचे फोटो पाहून कुणी कुणाला विचारलं नाही, की बाबा रे, फेस इतका का आला, मनात काही खदखदतंय का? पोराच्या चित्रात मात्र सगळ्यांना सुधारणा सुचल्या.

आमच्या नातीचंच सांगतो. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिनं कोरोना काढला तो जांभळा, चार पायांचा, हातात पिशवी घेतलेला. सूनबाई म्हणाली, "अगं, कोरोना लाल असतो. टीव्हीवर बघ." आता खरं म्हणजे विषाणूला रंगच नसतो. मिलिमीटरचा जेमतेम दहा हजारावा भाग एवढा तो. प्रकाशाच्या लाटेलासुद्धा तो सापडत नाही, मग रंगाची भानगड कुठून असणार? जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोघांनी त्याचं चित्र तयार केलं. करडा गोळा आणि त्यावर लाल काटे. लोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून लाल. काम चोख केलं त्यांनी. जगातल्या यच्चयावत पोरांच्या पेट्यांतला लाल खडू पंधरा दिवसांत संपला. आमच्या नातीचाही संपला होता आणि स्टेशनरीची दुकानं बंद होती, म्हणून जांभळा. शास्त्राच्या दृष्टीनं तिची चूक सीडीसीपेक्षा तसूभरही जास्त नव्हती.

"आणि पाय कशाला गं त्याला?" मी विचारलं.

"मग वर कसा येईल आजोबा? लिफ्ट बंद आहे ना!"

"पिशवी?"

"तो भाजीतून येतो."

त्या दिवसांत आमच्या घरी भेंडी साबणाच्या पाण्यात आंघोळ करून येत असे आणि दुधाच्या पिशव्या बाल्कनीत तास-तास उन्हं खात असत. पोरीनं जे पाहिलं ते काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं नागपूरची आजी काढली. चौकोनात. नुसता चेहरा, तोही अर्धा, वरचा अर्धा. (नागपूरच्या विहीणबाई व्हिडिओ कॉलवर फोन कपाळाच्या रोखानं धरतात.) आमची ही म्हणाली, "अगं, आजीला हात-पाय काढ की!" नात म्हणाली, "आता नाहीयेत तिला." ही दोन मिनिटं गप्प बसली. आमच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही.

पण जांभळा कोरोना घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. हात-पाय नसलेली आजी घेऊन तर मुळीच नाही.

चित्रांची ही गत, तर निबंधांची काय सांगावी! आपल्या मराठी शाळांत पिढ्यान् पिढ्या एक निबंध आहे. 'शाळा बंद पडल्या तर...' या निबंधाचा साचा ठरलेला. पहिला परिच्छेद आनंदाचा, दुसरा खेळाचा, तिसऱ्यात अक्कल येते, आणि शेवटी 'छे छे! शाळा बंद पडायला नकोत!' या उद्गारचिन्हाचा अर्धा मार्क. मार्च २०२० मध्ये शाळा खरोखरीच बंद पडल्या. महाराष्ट्रात पहिली-दुसरीच्या पोरांना पुन्हा वर्गात बसायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप. म्हणजे ज्या विषयावर पोरांना प्रथमच स्वतःचं काही सांगता आलं असतं, तो विषय समोर चालत आला होता. पण ऑनलाइन वर्गात विषय आला तो 'कोरोना : शाप की वरदान?' किंवा 'मी कोरोना बोलतोय'. म्हणजे सगळ्यांना बोलायला मुभा, फाटक्या पुस्तकाला, म्हाताऱ्या बैलाला, कोरोनालासुद्धा. फक्त लिहिणाऱ्या पोरानं बोलायचं नाही. वरदानाच्या बाजूनं काय लिहायचं तेही ठरलेलं. हवा शुद्ध झाली, नद्या स्वच्छ झाल्या, कुटुंब एकत्र आले. माझ्या ओळखीच्या एका मुलानं वन रूम किचनमध्ये पाच माणसांत बसून 'कुटुंब एकत्र आले' हे वाक्य लिहिलं. आधी कुटुंबाला वेगळं व्हायला जागा कुठं होती, हे त्याला कुणी विचारलं नाही.

माझ्या भाच्याचा मुलगा तेव्हा तिसरीत. पुण्याला असतो. 'लॉकडाऊनमधील माझा दिवस' यावर त्यानं वहीत लिहिलं ते मी उतरवून घेतलं आहे. 'आज काही झाले नाही. काल पण काही झाले नाही. बाबा फोनवर हळू बोलतात. हळू बोलले की मला जास्त ऐकू येते. आईने धुतलेले हात परत धुतले. मी विचारले नाही.' संपला निबंध. मोठमोठ्या लेखकांनी टाळेबंदीवर कादंबऱ्या लिहिल्या. माझ्या मते त्यांचं काम या सहा वाक्यांनी फार अवघड करून ठेवलं आहे. बाईंचा शेरा आला, 'छान. विस्तार करा. म्हणी व वाक्प्रचार वापरा.' पोरगं हुशार. पुढच्या खेपेला त्यानं 'आरोग्यम् धनसंपदा'पासून सुरुवात करून दीड पान विस्तार केला आणि त्यात स्वतःचा एक शब्द येऊ दिला नाही. त्याला दहापैकी नऊ मिळाले.

आता आमच्या स्पर्धेतल्या सत्ताविसाव्या चित्राबद्दल. सत्ताविसावं म्हणजे मुदतीनंतर आलेलं. आमच्याच इमारतीतल्या एका सात वर्षांच्या मुलाचं. त्याचे आजोबा त्याच महिन्याच्या सुरुवातीला दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. घरच्यांना शेवटचं पाहायलाही मिळालं नाही. तेव्हाचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत. पोरानं एक लांबलचक पांढरी गाडी काढली होती आणि बाकी सगळा कागद काळ्या खडूनं घासून काढला होता. इतका, की खाली कागद फाटला होता. हौशी मंडळींच्या समितीनं ते चित्र मला पाठवण्याआधी त्याच्या आईला निरोप दिला, की जरा पॉझिटिव्ह चित्र काढून पाठवा, मुलांवर परिणाम होतो.

आईनं तो निरोप पोराला सांगितला. ते म्हणालं, "आजोबा पॉझिटिव्हच होते."

त्या साली ज्या एका शब्दानं घरंच्या घरं गार पडत होती, तोच शब्द आपण पोरांना औषध म्हणून पाजत होतो, आणि आपल्याला ते ऐकूही येत नव्हतं.

चित्र नंतर माझ्याकडे आलं ते आईनंच परस्पर पाठवलं म्हणून. मी ते सेक्रेटरींना दाखवलं तेव्हा शेजारी आमच्या समितीतल्या एक विदुषी होत्या. त्यांनी लॉकडाऊनमध्ये तीन दिवसांचं 'बालमन आणि रंग' असं काहीतरी ऑनलाइन शिबिर केलं होतं. प्रमाणपत्र होतं. त्या म्हणाल्या, "काळा रंग म्हणजे खोल नैराश्य. गाडीला खिडक्या नाहीत, म्हणजे मूल आत कोंडलं गेलंय." स्पर्धावाले निदान चित्र नापास करून थांबतात, हे लोक मुलालाच नापास करतात. पांढरा काय, पिवळा काय, यांच्याकडे प्रत्येक रंगाला एक रोग तयार. एखाद्या पोराकडे हिरवाच खडू उरला असेल तर ते बिचारं मत्सरी ठरायचं.

बंधनं सैल झाल्यावर एकदा जिन्यात तो मुलगा भेटला. मी पायरीवर बसलो आणि म्हटलं, "तुझं चित्र पाहिलं रे मी. मला सांग ना ते." एवढंच. सांगायला लागला. "ते रात्री गेले ना, म्हणून सगळीकडे काळं आहे." म्हटलं, "आणि गाडी?" तो म्हणाला, "तिला खिडकी नव्हती. खिडकी असती तर आजोबांनी मला हात केला असता. मी गॅलरीतून करत होतो."

नैराश्य वगैरे काय ते मला कळत नाही. एखादं मूल दिवसेंदिवस जेवत नसेल, झोपत नसेल, एकच चित्र पुन्हा पुन्हा काढत असेल, तर त्याला त्यातल्या जाणत्या डॉक्टरांकडे न्यावं. तिथं शिबिराचं प्रमाणपत्र चालत नाही. पण त्याआधी त्याला विचारावं, हे इतकं अवघड आहे का? ज्या गोष्टीचा खुलासा पोरगं पायरीवर बसून दोन वाक्यांत करतं, तिच्यावर आपण तक्ते काढून बसतो.

स्पर्धेचं म्हणाल, तर मी एकाही चित्राला नंबर दिला नाही. सत्तावीस मुलांना सत्तावीस खडूच्या पेट्या द्या असं लेखी कळवलं. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' असं नियमांत होतं. पण आमच्या सोसायटीत पार्किंगचेही नियम आहेत. पहिलं बक्षीस मादागास्करला गेलं.

"पण स्पर्धा घेतल्या नाहीत तर मुलं चित्रं काढणारच नाहीत," असं मला तेव्हा बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझीन या गावात हजारो ज्यू माणसं कोंडून ठेवली होती. त्यांच्यात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकर्ती होती, जर्मनीतल्या बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकलेली. तिनं तिथल्या मुलांना चित्रं काढायला बसवलं. कागद नव्हते, म्हणून कचेरीतले वापरलेले फॉर्म, पाठकोरे तुकडे, मिळेल ते. विषय 'छावणी : शाप की वरदान' असा नव्हता. मुलांनी फुलं काढली, सोडून आलेली घरं काढली, फळ्यांचे एकावर एक पलंग काढले. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. त्या मुलांतलीही बहुतेक पुढे मारली गेली. मागे राहिल्या दोन सुटकेस. त्यांत सुमारे साडेचार हजार चित्रं होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. मी महामारीची तुलना छळछावणीशी करत नाही, गैरसमज नको. मी फक्त सांगतोय, की साडेचार हजार चित्रं निघायला बक्षिसाचा एकही कप लागला नाही.

इतकं लांब जायलाही नको. आपल्या सेवाग्रामला १९४४ सालीच शांतिनिकेतनातून देवीप्रसाद नावाचे कलाशिक्षक आले आणि नई तालीममधल्या खेड्यातल्या पोरांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मुलांच्या चित्राला मोठ्यांचं माप लावू नये, हे त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं. वर्धा आमच्या नागपूरच्या विहीणबाईंना दीड तासावर आहे. पण आपण कपाट भरतो ते 'सोपी स्पर्धा-चित्रं, भाग १ ते ५' या पुस्तकांनी. त्यात आता भाग सहा निघाला असेल, आणि पृथ्वीच्या मास्कला कुठून सुरुवात करायची याच्या पायऱ्या त्यात दिल्या असतील.

आणि १८९७ चा पुण्याचा प्लेग? रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत घुसून रोगी हुडकत होते. त्याच्यावरचे अग्रलेख आहेत, सरकारी अहवाल आहेत, २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. पण त्या घरांत पाच-सहा वर्षांची पोरंही होती की! देव्हाऱ्यापर्यंत आलेले बूट त्यांनी पाहिले. ती जे काढत असतील ते पाटीवर, पेन्सिलीनं. आणि पाटी पुसायला थुंकी आणि कोपर पुरे. त्यांच्याजवळ कागद नव्हता, हे तरी कारण होतं. आपल्या पोरांजवळ रिमच्या रिम कागद होते. ते आपण स्वतः पुसले, 'असं नाही बाळा, असं' म्हणत.

वर्षं गेली. ती मुलं आता आठवी-नववीत आहेत, ओठांवर लव फुटलेली, आणि त्यांना काही विचारलं तर खांदे उडवतात. तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात, गादीखाली त्या सालची काही चित्रं असतील. पृथ्व्या खुशाल रद्दीत घाला. फ्रेम केलेली तर आधी घाला. पण गणिताच्या वहीच्या मागल्या पानावर काहीतरी वेडंवाकडं असेल, रेशनच्या यादीच्या पाठीवर असेल, त्याला हात लावू नका. त्याला लॅमिनेट करू नका, स्टेटसला लावू नका आणि 'अय्या, किती गोड' असंही म्हणू नका. ज्यानं काढलं त्याला दाखवा. सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर परत ठेवून द्या.

मी त्या दिवसांत एक काम केलं. नातीनं चित्र काढलं, की ते काय आहे ते तिला विचारायचं आणि ती बोलेल ते शब्द न शब्द पेन्सिलीनं मागे लिहायचं. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी, बाकी सगळी तिची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती चित्रं आहेत. परवा डबा उघडला. एका कागदावर नुसते चौकोन आहेत, ओळीत सहा, खाली सहा, आणि तळाशी एक आडवी रेघ. मागे माझ्या अक्षरात तारीख आहे, १४ एप्रिल २०२०. टाळेबंदी त्या दिवशी संपायची होती आणि ३ मेपर्यंत वाढली. तारखेखाली लिहिलंय :

'ही खिडकी. ही पण खिडकी. ही समोरच्या काकूंची, त्या रडतात. ही आपली. आपल्या खिडकीत आई, बाबा, आजी, आजोबा. मी खिडकीत नाहीये. ही खाली रेघ आहे ना, तो पलंग. मी पलंगाखाली आहे. तुम्ही कुणी बघितलं नाही.'